विहिणीचं मंडळ ‘अ’ गटात

पौषात आमच्या कळव्याच्या मैदानावर लाल मातीचा ट्रक येतो. आधी तो मागे घेतानाचा किरकिर भोंगा वाजतो, मग फाळका खाली आदळतो, आणि मग माती ओतली जाते, सुपातून तांदूळ डब्यात घसरावेत तशी. पुढचे दोन-तीन दिवस आमच्या इमारतीत सगळं लाल होतं. दोरीवरचे कपडे, खिडकीच्या काचा, तुळशीची पानंसुद्धा. खालच्या मजल्यावरच्या बायका नाक मुरडतात. मी खिडकी उघडून बसते.

यंदाही बसले होते. पोरं फावड्यानं माती पसरत होती. त्यातल्या निलेशनं वर बघितलं. निलेश म्हणजे आमच्या मंडळाचा पहिला चढाईपटू, मागच्या चाळीतला, माझ्या डोळ्यांसमोर चड्डीत फिरलेला, आता लग्नाला आलेला.

“काकू, खिडकी लावा, धूळ येतेय घरात.”

“येऊ दे. निदान ती आत येऊन परत बाहेर तरी जाते.”

बाकीची पोरं हसली. निलेश हसला नाही, आणि त्यानं हसू नयेच. गेल्या वर्षी तो आत गेला तो बाहेर आला नाही. ज्यांनी कबड्डी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणारा एका दमात समोरच्यांच्या अंगणात शिरतो, कुणाला तरी शिवतो, आणि त्यांनी धरायच्या आत मधली रेघ गाठतो. गाठली तर गुण त्याचा, नाही गाठली तर त्यांचा. खेळ एवढाच आहे. भांडणं मात्र त्यातून जन्मभर पुरतील एवढी निघतात.

मला कबड्डी कुणी शिकवली नाही. आमच्या वेळी मुलींनी मैदानाच्या कडेला उभं राहायचं ते पाण्याची कळशी घेऊन. माझे दोन भाऊ खेळायचे, आणि त्यांच्या मातीनं माखलेल्या चड्ड्या मी नळावर घासायचे. घासता घासता मला कळायचं, आज कोण कुठल्या अंगावर पडला. डावं ढोपर लाल म्हणजे त्यानं पकड केली, पाठ लाल म्हणजे त्याची पकड झाली. आई म्हणायची, कपडे धुते आहेस की पंचांग वाचते आहेस. सातवीनंतर शाळा सुटली, पण हे वाचन काही सुटलं नाही. पुढे लग्न झालं ते मैदानाला लागून असलेल्या घरात. यांना क्रिकेटशिवाय दुसरं काही दिसत नसे. बिचारे टीव्हीसमोर, मी खिडकीत. संसार चांगला झाला.

आता जिल्ह्याच्या स्पर्धा मॅटवर होतात. निळं, पिवळं, धुतलेलं, रबराचा वास येणारं. सराव मात्र आमची पोरं अजून मातीत करतात, आणि मातीवर पाणी मारलं, मीठ टाकलं, रोलर फिरला की जो वास सुटतो तो आला की माझ्या पोटात डूख जागा होतो. नागाला असतो तसा. लोकांना थंडीत हुरड्याची, बोरांची आठवण येते. मला डोंबिवलीची येते.

त्या मंडळाचं नाव मी घेत नाही. यांचं नाव मी उखाण्याशिवाय, सासऱ्यांसमोर, खणखणीत घ्यायचे, पण त्या मंडळाचं नाव तोंडावर आलं की जीभ आपोआप वळते. मी म्हणते, डोंबिवलीवाले. सगळ्यांना कळतं.

माझी मेघा दिली ती डोंबिवलीत. जावई सोन्यासारखे, घर चांगलं, तक्रार करायला काही जागाच नाही. फक्त तिच्या सासूबाई, सुलभाताई, त्या मंडळाच्या. म्हणजे जन्मापासून. त्यांच्या वडिलांनी ते मंडळ काढलं, त्यांचे भाऊ त्यात खेळले, आणि आता भाचा खेळतो, ओंकार, डाव्या कोपऱ्यातला पकडीचा गडी. हे मला लग्न ठरल्यावर कळलं. आधी कळतं तर पत्रिकेत दोष काढला असता.

आणि लग्नात विहिणीचा मान असतो ना, तो तर द्यावाच लागतो. मी मुलीची आई. सुलभाताई पाटावर बसल्या, मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, साडी दिली. ठाण्यात चार दुकानं पालथी घालून आणलेली साडी, मोरपंखी. त्यांनी घडी उलटसुलट केली, काठावरून अंगठा फिरवला, आणि शेजारच्या बाईला सांगितल्यासारखं मला म्हणाल्या, “काठ जरा बारीक आहे. पण चालेल.”

तो ‘चालेल’ माझ्या घशात अजून आहे. कितीही पाणी प्या, खाली जात नाही.

सणासुदीला, डोहाळजेवणाला, बारशाला, सगळीकडे त्यांचा पाट वर आणि माझा खाली. रीतच आहे ती, मी कोण बदलणार. पण मैदानावर पाट नसतो. तिथे मुलाची आई आणि मुलीची आई एकाच उन्हात बसतात. म्हणून आमच्या दोघींत एक वेगळी रीत पडली. आमची मंडळं एकमेकांशी खेळली की जिच्या मंडळाचा पराभव होईल तिनं पुढच्या रविवारी वडे-सागोती करून दुसरीच्या घरी घेऊन जायची. पहिल्या वर्षी गंमत म्हणून ठरलं होतं. मग गंमत राहिली नाही. कधी त्यांचा डबा आमच्याकडे आला, कधी माझा तिकडे गेला. तिकडेच जास्त गेला, लपवण्यात काय अर्थ आहे.

गेल्या वर्षीचा मोसम मी विसरणार नाही. ‘ब’ गटात दोन्ही मंडळं उपान्त्य फेरीत समोरासमोर आली. जो पुढे अंतिम सामना जिंकेल तो ‘अ’ गटात जाणार, मोठ्या मंडळांच्या पंगतीला. आमची पोरं कित्येक वर्षं त्या उंबऱ्यावर घुटमळत होती. त्यांचीही.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत गेला. आम्ही एका गुणानं मागे. निलेश आत शिरला. त्यानं उजवीकडच्या दोघांना शिवलं, मला दिसलं, पंचांनाही दिसलं, आणि तो वळला. तेवढ्यात डावीकडून ओंकार आला. झेप नाही, आरडाओरडा नाही. घरातल्या मांजरानं ओट्याखालून हात घालावा तसा त्यानं निलेशचा घोटा धरला. निलेश आडवा झाला, हात लांब करून रेघेकडे सरपटला. बोटांच्या टोकापासून रेघ वीतभर राहिली. दम संपला.

सुलभाताई माझ्या पुढच्या ओळीत होत्या. सावकाश वळल्या.

“पोरगा चांगला आहे हो तुमचा,” म्हणाल्या. “हात जरा आखूड पडला. पण चालेल.”

मेघा दोघींच्या मध्ये बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात अंतिम सामना होता, त्यांचा आणि शहापूरच्या एका मंडळाचा. मी घरात सांगितलं देवळात जाते, आणि गेले मैदानावर. एकाच हेतूनं. डोंबिवलीवाले हरताना बघायचे होते. मुद्दाम शहापूरच्या बायकांत जाऊन बसले. चांगल्या होत्या बायका, ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा घेऊन आल्या होत्या.

“मावशी, तुम्ही शहापूरच्या का?”

“आजच्यापुरती,” मी म्हटलं.

सुरुवातीला माझ्या मनासारखं चाललं होतं. शहापूरचा एक उंच पोरगा होता, काटकुळा, पण पाय असे की दोन ढांगांत मैदान संपायचं. त्यानं डोंबिवलीचे गडी टिपत टिपत बाहेर काढले. शेवटी आत उरले दोघंच. ओंकार आणि एक बुटका, ज्याचं नाव मला आजही माहीत नाही. आता हे दोघं गेले की सगळा संघ बाद, वर शहापूरला लोणाचे जादा गुण. शहापूरच्या बायका उभ्या राहिल्या. मीही राहिले.

आणि मग मी जे पाहिलं, ते मला नको होतं बघायला. पण डोळे आहेत, काय करणार.

दोघंच उरले की माणसं घाबरून मागे रेघेला चिकटतात, नाही तर उतावीळपणानं अंगावर जातात. हे दोघं गेले नाहीत. हात हातात धरून उभे राहिले, सरकले तर एकत्र, थांबले तर एकत्र, जत्रेत एकमेकींचा पदर धरून चाललेल्या बायकांसारखे. उंच पोरगा आत आला, पाय टाकला, ओंकारनं घोटा धरला. आता कुणीही दुसरा गडी धावून त्याच्या पाठीवर पडला असता. बुटका पडला नाही. तो मधल्या रेघेपाशी जाऊन उभा राहिला. पोरगा एका पायावर उड्या मारत आला, आणि आपण होऊन त्याच्या छातीवर आदळला. दार लावून घेतलेलं होतं.

“बरोब्बर,” माझ्या तोंडून गेलं.

शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, आणि मधली शेंगांची पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

खरं सांगते, मी चिडले. स्वतःवरच. पण त्या क्षणापासून मी त्यांना निराळ्या नजरेनं बघायला लागले. रागानं बघताना मला फक्त ओंकारचा हात दिसत होता. आता त्याचे पाय दिसायला लागले. आणि पायात काय दिसलं, तर टाच. घोटा धरायचं त्याच्या मनात आलं की त्याच्या उजव्या पायाची टाच आधी जमिनीवरून उचलली जायची. जरा, चहाचा कप बशीवरून उचलावा एवढी. नुसता धाक दाखवत असला की टाच खालीच. दरवेळी. एकदाही चूक नाही. निलेशनं ती टाच बघितली असती तर काल उडी मारून घरी आला असता.

मिळाला, म्हटलं. वचपा काढायचा रस्ता मिळाला.

पण सामना अजून चालू होता, आणि शहापूरवाले पुन्हा पुढे गेले होते. तेव्हा माझ्या मनात आलं, आज यांनी डोंबिवलीला पाडलं तर मला काय मिळालं? सुलभाताई उद्या रडतील, पण शहापूरच्या नावानं रडतील. माझा सूड दुसरंच कोणी खाऊन जाईल आणि मला उष्टं ताट. उष्टं मला आयुष्यात कधी आवडलं नाही. आणि खेळत तर असे होते की हरणं त्यांना शोभलं नसतं. मी हळूच उठले आणि शेंगावाल्या बायकांचा निरोप न घेता दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथून मी काय ओरडले, कुणाच्या नावानं ओरडले, ते इथे लिहीत नाही.

डोंबिवलीवाले जिंकले. ‘अ’ गटात गेले. ताशा वाजला, गुलाल उडाला, पोरांनी ओंकारला खांद्यावर घेतलं. सुलभाताईंच्या पांढऱ्या केसांत गुलाल, तोंडावर असं हसू की वय निम्मं झालेलं. अभिनंदन करायला जावंच लागलं. मुलीची आई.

“तुम्ही इथे कशा?” त्या म्हणाल्या.

“देवळात आले होते.”

“बरं झालं. मग आता काय, आमची तुमची गाठ नाही. आम्ही वर, तुम्ही खाली.”

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून बोलल्यासारखं बोलल्या. आणि तेव्हा मला कळलं की खरंच, गाठ नाही. ते ‘अ’ गटात, आम्ही ‘ब’ गटात. शेजारी राहणाऱ्या माणसाशी भांडण काढावं आणि त्यानं घरच बदलावं, तसं झालं. टाच माझ्याकडे होती, पण ती जिथे कामी येणार ते मैदानच माझ्या हातून गेलं.

रविवारी वडे घेऊन गेले. त्या वड्यांवर मी जीव ओतला होता. पीठ रात्रभर भिजवलेलं, एकेक वडा टम्म. वाईट झाले असते तर मी रागावले आहे असं दिसलं असतं, आणि तेवढं सुख मी त्यांना देणार नव्हते. सुलभाताईंनी पहिला घास घेतला. “मीठ जरा...”

“पण चालेल,” मीच म्हटलं.

त्या हसल्या. पहिल्यांदाच खरं हसताना पाहिलं त्यांना. ओंकारही आला होता जेवायला. “मावशी, वडे एक नंबर,” म्हणाला आणि ताट पुढे केलं. मी वाढत राहिले. वाढताना मनात म्हणत होते, खा बाळा, पोटभर खा. मला तुझी टाच ठाऊक आहे.

निलेशला मी सांगितलं नाही. सांगून काय करणार, ‘ब’ गटात ओंकार आहे कुठे. शिवाय हल्लीच्या पोरांना काही सांगावं तर संध्याकाळपर्यंत त्याची रील होते. म्हटलं, आधी वर जा, मग सांगेन. वर्षभर मी ती टाच जपून ठेवली. लग्नकार्यात काढायचा दागिना कपाटाच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवतात, तशी. दुपारी भाजी निवडताना आठवायची आणि बरं वाटायचं.

यंदा माती पडली, सराव सुरू झाला, आणि आमची पोरं काही वेगळीच खेळायला लागली. गेल्या वर्षीचा राग पायांत उतरला होता. एकेक सामना जिंकत चालली. मी खुशीत. तेवढ्यात मेघाचा फोन आला.

“आई, इकडे आई जेवत नाहीत नीट.”

“कोणत्या आई?”

“किती आया आहेत मला? सासूबाई. सगळे सामने हरतायत ते. आता शेवटचा राहिला. तोही हरले तर परत ‘ब’ गटात.”

मी फोन ठेवला आणि शिरा करायला घेतला. आनंद झाला की मी शिरा करते, मला दुसरं काही सुचत नाही. तूप घातलं, रवा भाजायला लागले, वास सुटला, आणि उलथनं हातात तसंच राहिलं. ते खाली येणार. आणि आम्ही? आमची पोरं अशीच खेळली तर आम्ही वर जाणार. म्हणजे ते जिना उतरत असताना आम्ही चढत असणार. मधल्या पायरीवर भेट, नमस्कार, झालं. पुन्हा गाठ नाही. रवा खालून लागला, तरी मी उभीच.

दुसऱ्या दिवशी डोंबिवली गाठली. देवळाचं नावसुद्धा सांगितलं नाही घरात.

मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर सुलभाताई एकट्या बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा कडक झाला.

“मजा बघायला आलात?”

“ओरडायला आले.”

“कुणासाठी?”

“तुमच्यासाठी. सरका जरा.”

त्या सरकल्या, पण पर्स मध्ये ठेवली. मग आपणहूनच म्हणाल्या, “वर काही मजा नाही हो ताई. कोण कुठली मंडळं, नावं लक्षात राहत नाहीत. आपण हरलो तरी समोरच्यांना आनंदसुद्धा होत नाही. नेहमीचंच त्यांना. इतक्या वर्षांत मागच्या ओळीतून कुणी बोटं मोडत नाही, असं पहिल्यांदाच झालं.”

“मी मोडत होते की तिथून. कळव्याहून.”

“ऐकू येत नव्हती,” त्या म्हणाल्या.

सामना सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की आपला घात झाला आहे. समोरच्या मंडळाचा चढाईपटू पक्का होता. तो आत यायचा, ओंकारच्या समोर घुटमळायचा, नजर खाली. ओंकारची टाच उचलली की हा मागे. टाच खाली असली की हा बेधडक पुढे, शिवून परत. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडलं मी. त्यालाही दिसली होती. माझी टाच. वर्षभर जपलेली, कापडात गुंडाळलेली. माझ्या विळीवर दुसरंच कोणी बसून भाजी चिरत होतं.

सुलभाताई ओरडत नव्हत्या. ओठ घट्ट, हात मांडीखाली. मध्यंतर झालं तेव्हा डोंबिवलीवाले चांगलेच मागे होते. शेजारी बघितलं तर बाई पाण्याची बाटली उघडत होती आणि झाकण फिरत नव्हतं. मी बाटली घेतली, उघडून दिली.

त्या वेळी गप्प बसता आलं असतं. गप्प बसले तर ते खाली येणार आणि टाच या असल्या परक्यांनी चघळून टाकलेली. बोलले तर टाच कायमची गेली, निलेशच्या हाती काही राहणार नाही. दोन्हीकडून माझंच जात होतं. मग म्हटलं, जायचंच असेल तर मी देऊन जाऊ दे. चोरीला नको.

“तुमच्या ओंकारला सांगा,” मी म्हटलं. “धरायच्या आधी उजवी टाच उचलतो तो. सगळं कळतं समोरच्याला.”

त्यांनी बाटली खाली ठेवली. “तुम्हाला कसं माहीत?”

“दिसतं.”

“आत्ता दिसलं?”

“गेल्या वर्षी. शहापूरच्या सामन्यात.”

“गेल्या वर्षी.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आणि वर्षभर बोलला नाहीत.”

“ठेवलं होतं.”

“कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? तुमच्यासाठीच.”

त्यांना कळायला वेळ लागला नाही. विहीण आहे, कच्ची नाही. नाकपुड्या फुगल्या, काहीतरी बोलणार होत्या, मग पर्स माझ्या मांडीवर टाकली, साडी वर धरली आणि पायऱ्या उतरून थेट मैदानाच्या कडेला. प्रशिक्षक हात आडवा करून अडवायला लागला तर त्याच्या हाताखालून गेल्या. ओंकारचा कान धरावा तसा दंड धरून त्यांनी सांगितलं. ओंकारनं आधी आपल्या पायाकडे बघितलं आणि मग वर, पायऱ्यांवर, नेमकं माझ्याकडे. मी दुसरीकडे बघितलं.

उत्तरार्धात टाच खिळ्यानं ठोकल्यासारखी. तो पक्का चढाईपटू आला, खाली बघितलं, धाकच आहे असं समजून पुढे सरकला, आणि घोटा गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला पाय कुठे टाकावा ते कळेना, नव्या सुनेला स्वयंपाकघरात डबे सापडू नयेत तसं. डोंबिवलीवाले जिंकले. ‘अ’ गटात राहिले. मी आणि सुलभाताई काय ओरडलो ते मेघाच्या शेजारणीनं तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मेघा म्हणाली, आई, तुम्ही दोघी एकत्र कुठे जात जाऊ नका.

ओंकार पायऱ्या चढून वर आला. “मावशी, अजून काय दिसतंय?”

“बरंच दिसतंय. सांगणार नाही.”

सुलभाताईंनी आभार मानले नाहीत. मानले असते तर मला राग आला असता. पर्स घेतली, केस नीट केले आणि विचारलं, “रविवारी अंतिम सामना ना तुमचा?”

“हो.”

“येते मी.”

“हरताना बघायला?”

“आधी वर या. खाली उतरून तुम्हाला मारायला मला वेळ नाही.”

निलेशला मी घरी बोलावून सगळं सांगितलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. पोरगा भडकला. “काकू, वर्षभर माहीत होतं आणि दिलंत त्यांना? आपल्यातल्या आहात की त्यांच्यातल्या?” मी म्हटलं, बस, शिरा खा. तो बसला नाही. मग म्हटलं, हे बघ, टाच बघून सुटलास तर लोक म्हणतील ओंकार चुकला. मला ओंकार चुकायला नको आहे. त्याची घट्ट पकड बसलेली असताना तू त्याला फरफटत रेघेपर्यंत आणलेलं मला बघायचं आहे, त्याच्या आत्याच्या डोळ्यांदेखत. निलेश दारापर्यंत गेला होता. मग आत आला आणि शिरा खाल्ला, दोन वाट्या.

रविवारी कल्याणला सामना. संध्याकाळचा गारवा, दिवे लागलेले, कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सुलभाताई खरंच आल्या. मोरपंखी साडी नेसून. मी काठाकडे बघितलं, त्यांनी मला काठाकडे बघताना बघितलं. माझ्या खुर्चीला खुर्ची चिकटवून बसल्या. आमच्या पोरांना नावानं हाका मारत होत्या, सगळ्यांची नावं पाठ. शत्रूची करतात तशी.

“निलेश उजवीकडे जातोय सारखा,” त्या कुजबुजल्या. “सांगा त्याला.”

“माहितीये त्याला.”

“नाही माहीत. सांगा.”

मी कडेच्या पोराला हाक मारून निरोप धाडला. शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू सारख्या होत्या. निलेशनं मातीवर लावतो तसा मॅटवर हात लावला, कपाळाला लावला आणि रेघ ओलांडली. त्याचा दम ऐकू येत होता, एका सुरात, मधमाशीसारखा. यावेळी तो डावीकडे गेला. समोरच्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला, दुसरा कमरेला बिलगला. निलेश पडला नाही. गुडघ्यावर आला, उठला, आणि दोघांना अंगावर घेऊन, ओल्या गोधडीचा पिळा ओढावा तसा एकेक पाऊल ओढत निघाला. सुलभाताईंची नखं माझ्या मनगटात रुतली होती. आम्ही दोघी श्वास घेत नव्हतो, म्हणजे त्याचा दम होता तोपर्यंत घ्यायचाच नाही असं जणू ठरलं होतं.

रेघेवर त्याचा तळवा पडला.

मग ताशा, गुलाल, पोरांची उडी एकमेकांवर. आम्ही वर गेलो. सुलभाताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, डोळ्यांतून पाणी, मला मिठी मारली त्यांनी, पाठीवर थोपटलं. “आले बाई,” म्हणाल्या, “आले एकदाचे.” मीही रडले असेन थोडी, गुलाल डोळ्यात गेला होता.

बाजूला झाल्या, पदरानं तोंड पुसलं, पदर कमरेला खोचला. मग आपली खुर्ची उचलली, चांगली दोन हात लांब नेली, तोंड माझ्याकडे करून ठेवली, आणि तिच्यावर ताठ बसल्या.